परसातील मधपेटी : आधी जागा, मग पेटी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर पटनोंदणी, वाचनाचे स्तर, शालेय पोषण आहार हे नित्याचे विषय आहेतच. त्यांच्या पंक्तीला मधपेटीचा विषय येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु खेड्यात एखादी नवी वस्तू आली, की तिच्याबरोबर आलेले माहितीपत्रक कोण वाचून दाखवतो? अर्ज कोण लिहून देतो? आणि ती वस्तू निरुपयोगी ठरली, म्हणजे "गुरुजी, तुम्हीच सांगितले होते ना?" असे लोक कोणाला विचारतात? या तीनही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते येथे समोर बसलेले आहे. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडतो आहे.

शाळाभेटीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना मी मधपेट्या पाहिल्या आहेत, आणि रिकाम्या पेट्याही पाहिल्या आहेत. एका घरी पेटीत लसणाचे बियाणे ठेवलेले होते. दुसरीकडे ती आडवी करून तीत कोंबडी रवणावर बसवलेली होती. चौकशी केली, तर उत्तर ठरलेले, "माश्या उडून गेल्या." या उत्तरात दोष माशीवर टाकलेला असतो. थोडे खोलात जाऊन विचारले, की कळते : पेटी पश्चिमेकडे तोंड करून भर उन्हात ठेवली होती, किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून होती, किंवा तिच्या पायांवरून मुंग्यांची रांग सरळ आत जात होती. माशी गेली ती लहरीने गेली नाही. तिला राहण्याजोगे घर मिळाले नाही, म्हणून ती गेली.

आज मला मुख्यतः हीच एक गोष्ट सांगावयाची आहे. गाय दावणीला बांधता येते, कोंबडी खुराड्यात कोंडता येते. मधमाशीच्या पायात दोरी घालता येत नाही. ती आपल्या परसात राहते ती स्वतःच्या खुशीने. तेव्हा मधमाशीपालनातले निम्मे शहाणपण मध काढण्यात नसून तिला घर कसे द्यावे आणि ते कोठे ठेवावे, यात आहे.

प्रथम कोणती माशी पाळावयाची, ते पाहू. आपल्या मुलखात चार जाती ओळखीच्या आहेत. आग्या माशी आकाराने मोठी. ती उंच फांदीला, कड्याला, पाण्याच्या टाकीला उघड्यावर एकच भले मोठे पोळे लावते. फुलोरी लहान, ती झुडपात, कुंपणात छोटेसे एकच पोळे लावते. या दोघींना उघडी हवा आणि उजेड हवा असतो. त्या पेटीत नांदत नाहीत. तिसरी सातेरी. झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, जुने वारूळ, दगडी बांधाची कपार अशा अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. चौथी ती डंख न करणारी चिमुकली पोया. यांपैकी लहानशा परसात पेटीत पाळण्यास योग्य ती सातेरी.

याखेरीज मेलिफेरा नावाची युरोपीय माशी आहे. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोटा येथे १९६२ साली ती यशस्वीपणे रुजविण्यात आली, आणि आज उत्तर भारतातील बराचसा मध तीच देते. ती मध पुष्कळ देते हे खरे. परंतु तिची वसाहत मोठी, भूक मोठी. तिच्या पेट्या मालमोटारीत घालून मोहरी, ओवा, सूर्यफूल यांच्या फुलोऱ्यामागे मुलूखभर हिंडावे लागते. तो पूर्ण वेळचा धंदा आहे. घरचे काम सांभाळून एक-दोन पेट्या ठेवणाऱ्या माणसाने सातेरीच धरावी, हे बरे.

आता घराविषयी. सातेरी ढोलीत राहते, म्हणजे तिला तीन गोष्टी हव्या असतात : अंधार, कोरडेपणा आणि बेताची जागा. पेटी ही केवळ उघडता येणारी ढोली आहे. पूर्वी आपल्याकडे मध मिळविण्याची रीत म्हणजे धूर करून माश्या हाकलणे आणि अंडी-पिलांसकट सर्व पोळी कापून पिळणे. त्यात मध थोडा मिळे आणि वसाहत मात्र बुडे. हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगराळ भागात घर बांधतानाच भिंतीत एक कोनाडा ठेवून, बाहेरच्या अंगाला माश्यांसाठी छिद्र व आतल्या अंगाला फळी लावण्याची जुनी चाल आहे. माशीला घर देण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. उणीव होती ती पोळे न मोडता बाहेर काढता येण्याची.

ती उणीव दूर केली लॅंगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने. ते काही काळ शिक्षकही होते, हे येथे अभिमानाने नमूद करण्यास हरकत नाही. १८५१ साली त्यांच्या ध्यानात आले, की पोळ्यांच्या मध्ये आणि पोळे व भिंत यांच्या मध्ये माश्या जाण्यायेण्यापुरती एक ठरावीक वाट मोकळी सोडतात. फट तिच्याहून अरुंद असली, तर ती बुजवतात. रुंद असली, तर तेथे आणखी पोळे बांधून सर्व काही जोडून टाकतात. त्या मापाची वाट सोडून चौकटी टांगल्या, तर प्रत्येक पोळे सुटे राहते. त्यांच्या माशीसाठी हे माप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते. आपल्या सातेरीसाठी ते सुमारे ८ मिलिमीटर आहे. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्ली येथील फादर न्यूटन यांनी भारतीय माशीच्या अंगलटीस शोभेल अशी लहान पेटी तयार केली, आणि आपल्या पेट्या त्याच धर्तीवर विकसित झाल्या.

ही पेटी रचनेने अगदी साधी आहे. सर्वांत खाली तळपाट, त्यावर शिशुकोठी, जीत राणी अंडी घालते व पिले वाढतात, तिच्यावर मधकोठी, मग आतील झाकण आणि वर पत्रा मढविलेले छप्पर. गावचा सुतार ती करू शकेल. मात्र मापात कसूर चालत नाही. "दोन सूत इकडेतिकडे झाले तर काय बिघडले?" असे तो म्हणेल. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर, आणि माशीची सगळी वाटच आठ मिलिमीटरांची, हे त्याला गणित घालून पटवावे. लाकूड वाळलेले असावे. आतून रंग किंवा वॉर्निश कधीही देऊ नये. बाहेरून फिकट रंग द्यावा आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटीत माश्या आणू नयेत. ज्या फळ्यांवर पूर्वी कीटकनाशक सांडले असेल, त्या या कामी घेऊ नयेत.

मोठे घर म्हणजे चांगले घर, असे आपण माणसे समजतो. माशीचे तसे नाही. पिलांच्या जागी साधारण ३४-३५ अंश सेल्सियस उष्णता तिला बारा महिने राखावी लागते. थंडीत ती अंगाच्या हालचालीने ऊब निर्माण करते, उन्हाळ्यात पाणी आणून पंखांनी वारा घालते. अल्पसंख्य माश्यांना मोठी पेटी दिली, तर त्यांना ना ऊब राखता येते, ना सर्व पोळ्यांवर पहारा ठेवता येतो. आणि उघड्या पडलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. म्हणून माश्या जितक्या पोळ्यांवर दाट बसतात तितक्याच चौकटी ठेवाव्यात, उरलेल्या काढून घ्याव्यात आणि मध्ये आडवी फळी घालावी. वसाहत वाढेल तशी एकेक चौकट द्यावी. वर्गात मुलाला जेवढे झेपेल तेवढाच पाठ आपण देतो, त्यातलेच हे आहे.

आता जागेकडे वळू. या भागावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

पहिली गोष्ट दिशेची. पेटीचे दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे. सकाळचे कोवळे ऊन दारावर आले, की माश्या लवकर कामाला निघतात. आणि पुष्कळ फुलांतील पराग व मधुरस सकाळीच मिळतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणजे दार पूर्वेला असले, की पेटीची पाठ आपोआप पावसाकडे होते. पेटी दाराच्या बाजूस किंचित कललेली ठेवावी, म्हणजे आत आलेले पाणी बाहेर निघून जाते.

दुसरी गोष्ट सावलीची. सकाळी ऊन आणि दुपारी सावली, असा मेळ साधावा. घराच्या पूर्वेकडील परस किंवा आंबा-चिकूच्या पूर्वेची कड याला उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याचे दिवस फार कडक. तेथे सावली गडद असावी, पेटीवर पाचटाचा किंवा झावळ्यांचा मांडव करावा आणि छपरावर ओले गोणपाट टाकावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर गोष्ट उलटी. तेथे गर्द झाडीखाली पावसाळाभर ओल साचून राहते, पोळ्यांना बुरशी येते; म्हणून तेथे जागा मोकळी, पाण्याचा निचरा होणारी आणि छप्पर चांगले पुढे आलेले हवे. एकच नियम सर्व जिल्ह्यांना लावू नये.

तिसरी गोष्ट उंचीची. पेटी जमिनीवर ठेवू नये. दीड-दोन फूट उंचीच्या चार पायांच्या घोडीवर ती ठेवावी आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत असावा. मुंग्या आणि मुंगळे हे सातेरीचे मोठे शत्रू. एका रात्रीत ते वसाहत हैराण करतात. वाटी ठेवली तरी गवताचे एखादे पाते पेटीला टेकले, की मुंग्यांना पूल मिळतो. यास्तव भोवतालचे गवत काढीत जावे. आणि हे पाणी दर आठवड्यास ओतून वाटी घासून पुन्हा भरावी. नाहीतर माशी पाळण्याच्या नादात आपण डास पाळू.

चौथी गोष्ट वहिवाटीची. पेटीच्या दारापुढे किमान दहा फूट जागा मोकळी असावी आणि त्या जागेतून पायवाट नसावी. माश्या दारातून निघून सरळ समोर झेपावतात. त्या वाटेत कोणी उभे राहिले, की डंखाचा प्रसंग येतो. जागा अपुरी असेल, तर दारापुढे दहा-बारा फुटांवर माणसाच्या उंचीहून वर जाईल असे वेलीचे कुंपण करावे. मग माश्या उंच चढून डोक्यावरून निघून जातात. गोठा, विहीर, धुणे धुण्याची जागा, वाळवण घालण्याचे अंगण आणि चुलीचा धूर यांपासून पेटी दूर असावी. गोठ्याविषयी विशेष सांगतो : माणूस पळून जाऊ शकतो, पण दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही. म्हणून बांधलेल्या जनावराजवळ पेटी कधीही ठेवू नये. रात्रभर जळणारा दिवाही दारासमोर नसावा; माश्या त्याकडे झेप घेऊन मरतात. तसेच गुऱ्हाळाच्या शेजारी पेटी नको. गोडाच्या ओढीने हजारो माश्या रसाच्या कढईत पडून नाहीशा होतात.

पाचवी गोष्ट पाण्याची. पन्नास-शंभर फुटांवर उथळ पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे आणि त्यात खडे किंवा काटक्या टाकाव्यात, म्हणजे माशीला बसण्यास आधार मिळतो. ही सोय प्रथमपासून असावी. माश्यांना शेजाऱ्याच्या रांजणाची किंवा शाळेच्या नळाची सवय एकदा लागली, म्हणजे ती मोडणे कठीण जाते. आणि शेजाऱ्याशी तंटा होतो तो बहुधा मधावरून नव्हे, या पाण्यावरूनच.

सहावी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फुलोरा. सातेरी साधारणपणे एक ते दीड किलोमीटरच्या टापूत चारा शोधते. म्हणजे पेटीची खरी जागा दोन हात नसून तो सगळा टापू आहे. त्या टापूत वर्षभर काही ना काही फुलत राहिले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा आहेत; पावसाळा सरताना पिवळी सोनकी आहे; आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते, तेव्हा तर माश्यांची दिवाळीच असते. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आले, त्यामागे ही वनसंपत्ती आहे. सपाटीवर तसे रान नाही. परंतु शेवगा, कडुनिंब, करंज, चिंच, बोर, तूर, तीळ, कारळा, सूर्यफूल, धने, बियाण्याचा कांदा ही यादी काही लहान नाही. ज्या टापूत फक्त ऊस आहे, तेथे मात्र पेटी आणण्याची घाई करू नये. दृष्टीस हिरवेगार दिसते, पण माशीच्या लेखी तो दुष्काळच.

पेटी एकदा ठेवली, की ती मनाला येईल तशी हलवता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. माशी आपल्या घराची जागा भोवतालच्या खुणांवरून पाठ करते. पेटी वीस फुटांवर सरकवली, तर रानातून परतलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात. हलवणे भाग असेल, तर रोज हात-दीड हात सरकवावी, नाहीतर रात्री दार बंद करून एकदम तीन किलोमीटरांपलीकडे न्यावी. यासाठीच म्हणतो, की आधी जागा, मग पेटी.

पेट्या किती ठेवाव्यात? लहान परसात दोन बऱ्या. एकच असली तर ती चांगली चालली आहे की दुबळी, हे कळण्यास दुसरे माप नसते. दोन पेट्यांत पाच-सहा फुटांचे अंतर असावे आणि दर्शनी भाग वेगवेगळ्या रंगांचे असावेत, म्हणजे माश्या घर चुकत नाहीत. दोन्ही निरोगी असतील, तर एकीची पिलांची चौकट देऊन दुसरीला आधार देता येतो. मात्र रोगाची शंका असताना हे करू नये. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यात पिले पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरतात. यावर खात्रीचे औषध नाही. म्हणून अनोळखी ठिकाणाहून स्वस्तात मिळते म्हणून वसाहत आणू नये, आणि आजारी पेटीचे सामान दुसरीस लावू नये.

ऋतुमानाप्रमाणे निगा कशी ठेवावी, हे थोडक्यात सांगतो. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी पेटी उघडून पाहावी. राणीची अंडी दिसतात का, राणीघरे बांधली आहेत का, हे पाहून ती बंद करावी. कौतुकाने रोज उघडू नये. सतत उघडझाप होणाऱ्या घरात सातेरी राहत नाही. तळपाटावरचा मेणाचा चुरा दर आठवड्यास झाडून काढावा, कारण मेणकिड्याची सुरुवात तेथूनच होते. पावसाळ्यात फुले कमी आणि उड्डाणही बंद. त्या वेळी साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत, थोडथोडा द्यावा. गूळ देऊ नये. तो माशीस बाधतो. मधकोठी चढवल्यानंतर पाक बंद करावा, नाहीतर आपण मध म्हणून साखरच काढू. मध घ्यावयाचा तो मधकोठीतलाच, आणि पोळ्याचा बहुतेक भाग माश्यांनी मेणाने बंद केल्यावर. शिशुकोठीतला मध ही माश्यांची बेगमी आहे. तिला हात लावू नये.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सातेरीच्या एका पेटीपासून वर्षाकाठी साधारण ५ ते १० किलो मध मिळतो; वाईट वर्षी त्याहून कमी. "दोन पेट्यांत घर चालेल" असे जर कोणी गावात सांगत असेल, तर तो लोकांची फसवणूक करतो आहे. आपण तसे सांगू नये. परंतु मध हा नफ्याचा एकच भाग होय. काकडी, भोपळा, कलिंगड यांच्या वेलीवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते. एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत पोचविणारे कोणी नसेल, तर फळ धरत नाही. सूर्यफूल, कारळा, बियाण्याचा कांदा यांनाही माशीची मोठी मदत होते. शेजाऱ्याच्या शेतातला हा लाभ पेटीवाल्याच्या वहीत लिहिला जात नाही, एवढेच.

आणि म्हणूनच शेजाऱ्याचे सहकार्य मिळवणे अगत्याचे आहे. फुलोऱ्यात आलेल्या पिकावर दिवसा औषध फवारले, तर एका दुपारी वसाहत संपते. फवारणी करणाऱ्यास आदल्या दिवशी कळविण्याची विनंती करावी. शक्यतो फुलोऱ्यात ती टाळावी, आणि करावीच लागली, तर माश्या घरी परतल्यावर, तिन्हीसांजेला करावी. हा समझोता कायद्याने होत नाही. तो ग्रामसभेत, पारावर, आपल्यासारख्याच्या शब्दावर होतो.

आता मुलांविषयी बोलतो. आपल्या दृष्टीने हा भाग सर्वांत जबाबदारीचा आहे. माझे स्पष्ट मत असे, की मधपेटी शाळेच्या आवारात ठेवू नये. शेकडो मुलांची धावपळ, चेंडू, मधल्या सुट्टीचा गलका आणि पेटी यांचा मेळ बसत नाही. पेटी आपल्या किंवा एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या परसात असावी, आणि मुलांना लहान लहान गटांनी, पालकांस कळवून, तेथे न्यावे. मुलांनी पेटीच्या पाठीमागे किंवा बाजूस पंधरा फुटांवर उभे राहावे. पेटी उघडण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच जाळीचा बुरखा घालून करावे.

डंख झालाच, तर घाबरून हात झाडू नयेत. माशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत राहतो आणि विष उतरत राहते. म्हणून तो नखाने ताबडतोब काढावा. कसा काढावा यापेक्षा लवकर काढणे महत्त्वाचे. मुलाला तेथून दूर न्यावे, जागा धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी. परंतु अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, किंवा अनेक डंख झाले असले, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. हे वाक्य शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

आग्या मोहोळाची गोष्ट निराळी. शाळेच्या छज्जाला किंवा आवारातील वडा-पिंपळाला ते लागले, तर मुलांना त्या बाजूस जाऊ देऊ नये, खाली कचरा पेटवू नये आणि कोणा धाडसी पालकाला मशाल घेऊन वर चढू देऊ नये. आग्या माश्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात. पुष्कळदा मोहोळ आपोआप उठून जाते. तोवर थांबणे शक्य नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जाणत्या माणसास बोलावून, मुले नसताना ते हलवून घ्यावे.

एवढी काळजी घेतली, तर परसातील पेटी म्हणजे आपल्या हाती आलेले एक जिवंत पाठ्यपुस्तक आहे. षट्कोन फळ्यावर काढून दाखवण्याऐवजी जुन्या पोळ्याचा तुकडा मुलांच्या हाती द्यावा. दूर उभे राहून एका मिनिटात किती माश्या परतल्या आणि त्यांपैकी किती जणींच्या पायांवर पराग होते, हे मुलांना मोजू द्यावे. सरासरी, आलेख, तुलना सर्व काही त्यातून निघते. परागाचा रंग पाहून "आज कोणते झाड फुलले असेल?" असे विचारावे. पोळ्यावर नाचून माशी आपल्या बहिणींना फुलांची दिशा व अंतर कसे सांगते, याचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने केला आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्यावरून दिशा ओळखण्याचा पाठ याहून सुरस कोठे मिळणार? २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्या वेळी आपल्या शाळांना सुट्टी असल्यामुळे आपल्या हातून निसटतो; परंतु जांभूळ फुलेल किंवा तूर फुलेल, तो दिवस आपण आपल्या गावचा मधमाशी दिन का मानू नये?

आपणांपैकी कोणी उद्याच पेटीसाठी अर्ज करावा, असे मी म्हणत नाही. उलट, करू नये असे म्हणतो. प्रथम एक वर्ष मुलांकडून आपल्या गावच्या फुलोऱ्याची नोंदवही तयार करून घ्यावी : कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेवर, काय फुलले आणि त्यावर माश्या होत्या की नाही. ज्या परसात पेटी ठेवण्याचा विचार आहे, तेथे सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कोठे पडते, हे उन्हाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा पाहावे. आषाढाच्या पावसात त्याच जागी उभे राहून पाणी कोठे साचते, ते पाहावे. नोंदवहीत लागोपाठ दोन-तीन महिने रिकामे राहिले, तर तेथे शेवगा, करंज, बोर लावून आणखी थांबावे. हे सर्व जुळले, म्हणजे मध संचालनालयाकडे किंवा १९६२ पासून पुण्यात कार्य करीत असलेल्या केंद्रीय मधमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे प्रशिक्षणाची चौकशी करावी; आणि प्रशिक्षण घेतल्यावरच पेटी आणावी.

अशा रीतीने आलेली पेटी सहसा रिकामी राहत नाही. आणि एखाद्या वर्षी माश्या गेल्याच, तर नोंदवहीची पाने उलटून कारण शोधण्याची सवय मुलांना लागलेली असेल. नशिबाला आणि माशीला दोष देण्यापेक्षा कारण शोधावे, एवढे जरी आपल्या गावाने यातून घेतले, तरी आपण शिक्षक म्हणून आपले काम केले असे मी समजेन.